प्रिंट केलेला टायटॅनियमचा ब्रॅकेट ताणचाचणीत उत्तम, पण फटीग चाचणीत (पुनःपुन्हा भार देऊन धातू थकवण्याच्या चाचणीत) लवकर तुटला: दोष नेमका कशात शोधावा?

आरेखक

नमस्कार. धातूच्या पुडीचे थर पसरून ते लेसरने वितळवण्याच्या पद्धतीने, म्हणजे ज्याला आपण सरसकट मेटल थ्रीडी प्रिंटिंग म्हणतो त्या पद्धतीने, बनवलेल्या एका ब्रॅकेटच्या बाबतीत मी अडचणीत आहे आणि या विषयात हाताने काम केलेल्यांचे मत मला हवे आहे. मिश्रधातू नेहमीचा टायटॅनियम ६-४ (ॲल्युमिनियम आणि व्हॅनेडियम मिसळलेले टायटॅनियम) आहे. थराची जाडी ६० मायक्रॉन होती, आणि ब्रॅकेट बिल्ड प्लेटवरून (ज्या पाटीवर भाग प्रिंट होतो तिच्यावरून) कापण्याआधी व्हॅक्यूम भट्टीत ८०० अंश सेल्सियसला २ तास ठेवून ताणमुक्त करून घेतले होते. हिप (उच्च तापमानाला चहूबाजूंनी वायूचा दाब देऊन आतली छिद्रे मिटवण्याची प्रक्रिया) केलेले नाही. बोल्टची भोके आणि बैठकीचे पृष्ठभाग तेवढे मशीन केले. बाकीचे अंग प्रिंटरमधून जसे आले तसेच आहे, फक्त ग्लास बीड ब्लास्टिंग करून साफ केलेले.

त्याच बिल्डमध्ये १२ मिलिमीटर व्यासाचे दांडे उभे प्रिंट केले होते आणि ते लेथवर ६ मिलिमीटरपर्यंत उतरवून त्यांचे टेस्ट पीस केले. ताणचाचणीत त्यांनी १०५० मेगापास्कल बळ आणि ११ टक्के लांबवाढ दाखवली, जी घडीव सळईच्या तोडीची आहे. फटीग चाचणीतही, किमान आणि कमाल ताणाचे गुणोत्तर ०.१ ठेवून, ६०० मेगापास्कलच्या कमाल ताणाला हे पीस १ कोटी आवर्तने टिकले. ब्रॅकेटच्या फिलेटमध्ये (आतल्या कोपऱ्याच्या गोलाईत) गणिताने येणारा कमाल ताण ५६० मेगापास्कल आहे, म्हणून मी निश्चिंत होतो. प्रत्यक्षात पहिला ब्रॅकेट १.९ लाख आवर्तनांत तुटला, दुसरा २.६ लाखांत, आणि तिसरा मात्र ३१ लाखांपर्यंत गेला. मला किमान ५० लाख हवी आहेत. घडीव ठोकळ्यातून कोरलेला याच आकाराचा ब्रॅकेट १ कोटीनंतरही अभंग आहे.

पहिल्या ब्रॅकेटचे भंगतल, म्हणजे तुटल्यावर उघडा पडलेला पृष्ठभाग, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिले. तड्याचा उगम हाताच्या खालच्या बाजूच्या फिलेटमध्ये, पृष्ठभागालाच लागून, एका सपाट ठिगळात आहे. ठिगळ सुमारे ०.४५ मिलिमीटर रुंद आणि ०.१५ मिलिमीटर खोल आहे आणि त्यात न वितळलेल्या पुडीचे गोल कण जसेच्या तसे बसलेले स्पष्ट दिसतात. धातूच मुळात कच्चा निघाला असे म्हणावे, तर ताणचाचणी इतकी चांगली कशी आली? हिप करून घेतले तर हा प्रश्न सुटेल का? शिवाय पुढचे काम निकेलच्या मिश्रधातूतले आहे, आणि त्यात म्हणे प्रिंट होता होताच तडे जातात. हा त्याच दुखण्याचा प्रकार आहे की वेगळा?

भट्टी

हिप करून घ्या, असेच मी सांगेन. टायटॅनियम ६-४ साठी साधारण ९२० अंश सेल्सियस, १०० मेगापास्कल दाबाचा आर्गॉन आणि २ तास हे रुळलेले चक्र आहे. या तापमानाला धातू इतका मऊ होतो की चहूबाजूंनी येणाऱ्या दाबाने आतली छिद्रे मिटतात आणि त्यांच्या भिंती विसरणाने (अणू एकमेकांत सरकून) एकमेकींत जुळून जातात. कणरचनाही सुधारते, कारण लेसरखाली वितळलेला धातू दर सेकंदाला लाखो अंश या वेगाने थंड होतो आणि त्यातून येणारी मार्टेन्साइटची ठिसूळ, सुईसारखी रचना हिपमध्ये मोडून अल्फा आणि बीटा या टायटॅनियमच्या दोन स्फटिकरचनांचे चिवट पापुद्रे तयार होतात. ताणबळ काहीसे उतरते, पण आतल्या छिद्रांपासून सुरू होणारा फटीग लक्षणीय कमी होतो.

भंगतल

वरच्या उत्तरातले प्रत्येक विधान बरोबर आहे, आणि तरीही या ब्रॅकेटला केवळ हिपने गुण येणार नाही असे मला वाटते. प्रश्नातच लिहिले आहे की ठिगळ पृष्ठभागाला लागून होते. ते एका बाजूने उघडे असेल, तर हिपच्या वेळी दाबाचा आर्गॉन त्या फटीत शिरतो, आतून आणि बाहेरून सारखाच दाब पडतो, आणि फट मिटण्याचे काही कारणच उरत नाही. हिपला बंद पोकळी लागते. बंद पोकळीतही एक मेख आहे: पुडीच्या कणात अडकलेला आर्गॉन टायटॅनियममध्ये विरघळत नाही, तो दाबाखाली फक्त आक्रसून बसतो, आणि नंतर दाबाविना उच्च तापमानाची प्रक्रिया झाली तर अशी छिद्रे काही प्रमाणात पुन्हा उघडू शकतात.

आता ताणचाचणी चांगली का आली ते पाहू, कारण या प्रकरणाची गुरुकिल्ली तिथेच आहे. ताणचाचणीत संपूर्ण छेद एकदाच लवचीकतेच्या मर्यादेपलीकडे ओढला जातो. एखाद्या ठिगळाशेजारी ताण साचला तरी तिथला धातू थोडा वाहतो, भार शेजाऱ्याला देतो, आणि अंतिम आकडा सगळ्या छेदाच्या सरासरीचा येतो. फटीगमध्ये सरासरीला किंमत नसते. तिथे लाखो वेळा तोच तोच ताण येतो आणि छेदातला सर्वांत वाईट बिंदू, तो कितीही लहान असो, आधी आपले म्हणणे मांडतो. १९व्या शतकात ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर चाचण्या करून ताण आणि आवर्तने यांचे जे नाते दाखवले, त्यातून हँडबुकात प्रत्येक धातूसमोर फटीगचा एक आकडा लिहिण्याची सवय आपल्याला लागली. घडीव धातूत ती सवय बऱ्यापैकी चालते, कारण घडाई आणि लाटणीत पोकळ्या मिटून जातात. प्रिंट केलेल्या धातूत तो आकडा धातूचा उरत नाही. ताणाच्या जागी जो सर्वांत मोठा दोष बसला आहे त्या दोषाचा तो आकडा असतो.

म्हणूनच मला तुमच्या टेस्ट पीसची अधिक काळजी वाटते. १२ मिलिमीटरचा दांडा ६ मिलिमीटरपर्यंत उतरवला, म्हणजे प्रत्येक बाजूने ३ मिलिमीटर धातू काढून टाकला. या पद्धतीत लेसर आधी किंवा नंतर कडेने एक रेघ मारतो आणि आतला भाग वेगळ्या रेघांनी भरतो. कडेची रेघ आणि आतले भरण जिथे भेटतात तिथे, पृष्ठभागाखाली सुमारे ०.२ ते ०.३ मिलिमीटरवर, छिद्रांची एक रांग राहण्याची खोड अनेक मशीनमध्ये दिसते. लेथवर तुम्ही ती रांगही काढलीत, अर्धवट चिकटलेले पुडीचे कणही काढलेत आणि थरांच्या पायऱ्यांमधल्या खाचाही काढल्यात. उरला तो आतला, सर्वांत निरोगी धातू. ज्या कातडीची परीक्षा घ्यायची होती तीच परीक्षेआधी सोलून टाकली गेली, आणि ब्रॅकेटमध्ये मात्र नेमक्या फिलेटवर तीच कातडी तशीच राहिली.

हे गणिताने पडताळता येते. जपानचे प्राध्यापक मुराकामी यांनी दोषाचा आकार आणि फटीगची मर्यादा जोडणारे एक सूत्र दिले आहे. ते प्रामुख्याने पोलादावरच्या कामातून आले असले, तरी पहिल्या अंदाजाला टायटॅनियमसाठीही लोक वापरतात. कमाल ताणाच्या दिशेला काटकोनातल्या पातळीवर दोषाची जी सावली पडेल तिचे क्षेत्रफळ घ्यायचे आणि त्याचे वर्गमूळ मायक्रॉनमध्ये काढायचे. व्हिकर्स कठीणपणात १२० मिळवून त्याला १.४३ ने गुणायचे आणि त्या वर्गमुळाच्या सहाव्या मुळाने भागायचे. पृष्ठभागावरच्या दोषासाठी, पूर्ण उलटसुलट भाराखाली टिकणारा ताण मेगापास्कलमध्ये मिळतो. तुमचे ठिगळ अर्धलंबवर्तुळासारखे धरले तर वर्गमूळ सुमारे २३० मायक्रॉन येते. कठीणपणा ३६० धरल्यास उत्तर साधारण २७७ मेगापास्कल निघते, आणि ताणाचे गुणोत्तर ०.१ असल्याची दुरुस्ती केली की ते २२५ च्या आसपास उतरते. तुमच्या फिलेटमध्ये ताणाची दोलनमर्यादा (कमाल आणि किमान ताणातल्या फरकाचा निम्मा) ५६० च्या ०.४५ पट, म्हणजे २५२ मेगापास्कल आहे. तो तुटायलाच हवा होता. याउलट टेस्ट पीसमध्ये सर्वांत मोठे छिद्र ४० मायक्रॉनचे असेल तर हेच सूत्र ३०० च्या आसपास मर्यादा देते, आणि तुमचे ६०० मेगापास्कलचे पीस २७० वर चालत होते. दोन्ही निकाल एकाच धातूचे आहेत आणि दोन्ही खरे आहेत.

सूत्रातल्या सहाव्या मुळाकडे नीट पाहा. दोष अर्धा केला तरी मर्यादा सुमारे १२ टक्केच वाढते, त्यामुळे प्रिंटिंग थोडे सुधारून फार मोठा लाभ होत नाही. दोष ताणाच्या जागेवरून हलवणे किंवा तिथली कातडीच काढणे हे जास्त फळते. ताणमुक्ती अपुरी झाली असेल तर पृष्ठभागावर उरलेला ओढीचा ताण यात आणखी भर घालतो, तेव्हा भट्टीचा तापमान-आलेख एकदा मागवून पाहा. तिसऱ्या, ३१ लाख आवर्तने टिकलेल्या ब्रॅकेटचे भंगतल तुम्ही पाहिलेत का? माझ्या मते सर्वांत मोलाची माहिती त्याच्यात आहे.

वितळ

ते ठिगळ तिथेच का आले, याबद्दल मशीनच्या बाजूने सांगतो. सपाट, कण अडकलेले ठिगळ म्हणजे अपुरे वितळणे: लेसरचा वितळलेला डोह खालच्या थरापर्यंत पोहोचला नाही. ऊर्जा जास्त झाली तर उलटा दोष येतो. डोह खोल आणि अरुंद होतो, त्याच्या तळाशी वाफेची पोकळी कोसळते आणि गोल छिद्र राहते. गोल छिद्र फटीगला त्या मानाने सोसते. अपुऱ्या वितळण्याचे ठिगळ थराच्या पातळीत पसरलेले आणि कडेला धारदार असते, आणि हात उभा प्रिंट केला असेल तर वाकवणारा भार त्याला बरोबर उघडण्याच्या दिशेने ओढतो.

मशीनची ताकद आणि वेग टेस्ट पीससाठी ठीक होते, मग ब्रॅकेटलाच हे का झाले, याचे एक उत्तर प्लेटवरची जागा हे असू शकते. वितळताना डोहातून उडालेले ठिपके पुडीच्या कणांपेक्षा बरेच मोठे असतात. वायूचा प्रवाह त्यांना बाहेर नेण्यासाठी असतो, पण प्रवाह मंद असेल किंवा फिल्टर भरत आला असेल तर ते प्रवाहाच्या उताराकडच्या भागावर पडतात. ६० मायक्रॉनच्या थरावर १०० मायक्रॉनचा ठिपका पडला की त्याच्याखालचा भाग वितळायचा राहू शकतो. तुटलेले दोन ब्रॅकेट प्लेटवर कुठे होते आणि तिसरा कुठे होता, ते बिल्डच्या नोंदीतून काढा. खाली तोंड असलेल्या पृष्ठभागाची गोष्टही यात धरा, कारण तिथे डोहाखाली घन धातूऐवजी सैल पूड असते, उष्णता वाहून जात नाही आणि खालची बाजू नेहमीच सर्वांत खडबडीत निघते. तुमचे फिलेट नेमके तिथे आहे. पुढच्या वेळी भाग उलटा किंवा तिरका ठेवता येत असेल तर निम्मे काम तिथेच होते.

निकेलचा प्रश्न मात्र वेगळा आहे. टायटॅनियम ६-४ प्रिंट होताना सहसा घनीभवनाचे तडे दाखवत नाही. त्याचे दुखणे छिद्रे, कातडी आणि साठलेला ताण हे आहे. काही मिश्रधातू गोठताना शेवटच्या क्षणी कणांमध्ये द्रवाचा पातळ पापुद्रा उरतो आणि आकुंचनाने तो फाटतो. ६०६१ आणि ७०७५ हे ॲल्युमिनियमचे मिश्रधातू यासाठीच प्रिंटिंगला अवघड समजले जातात, तर सिलिकॉन भरपूर असलेला एएलएसआय१०एमजी सुखाने प्रिंट होतो. २०१७ मध्ये एचआरएल लॅबोरेटरीजच्या संशोधकांनी ७०७५ च्या पुडीवर झिर्कोनियमचे नॅनोकण चिकटवून कण बारीक आणि सर्व दिशांनी सारखे वाढवले आणि तड्यांशिवाय भाग काढून दाखवला. तडा ही नियती नसून घनीभवनाची रीत आहे हे त्यातून फार सुंदर दिसले. निकेलमध्ये इन्कोनेल ६२५ आणि ७१८ सोयीचे आहेत. ज्यांत ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम जास्त घालून गॅमा प्राइम (धातूला बळकटी देणारे बारीक कण) वाढवलेला असतो, उदाहरणार्थ ७३८ किंवा सीएम२४७, ते प्रिंटरमध्येही तडकतात आणि नंतरच्या उष्णोपचारात ताण सुटण्याआधीच कठीण होऊन पुन्हा तडकू शकतात. तुमचा मिश्रधातू कोणता आहे ते कळवलेत तर अधिक नेमके सांगता येईल.

किरणचित्र

तपासणीबद्दल एक सावधगिरी सांगतो, कारण अशा वेळी सीटी स्कॅनमध्ये सर्व दिसेल असा समज हमखास होतो. १८० मिलिमीटरचा भाग सुमारे २००० पिक्सेल रुंदीच्या डिटेक्टरवर बसवला तर एक घनकण साधारण ९० मायक्रॉनचा पडतो, आणि दोष खात्रीने ओळखायला निदान तीन घनकण तरी लागतात. अपुऱ्या वितळण्याचे ठिगळ रुंद असले तरी त्याची जाडी बऱ्याचदा काही दशक मायक्रॉनच असते, त्यामुळे स्कॅनमध्ये ते धूसर होऊन हरवते. पेनेट्रंट चाचणीही (रंगीत द्रव मुरवून तडे दाखवणारी) न मशीन केलेल्या पृष्ठभागावर फसते, कारण रंग सगळ्याच खाचांतून पाझरतो आणि खरा तडा त्या गर्दीत दिसत नाही. नासाने २०२१ मध्ये काढलेल्या ६०३० क्रमांकाच्या मानकात भागांची वर्गवारी आणि प्रत्येक बिल्डसोबत साक्षी नमुने यांवर इतका भर आहे, त्याचे मर्म माझ्या समजुतीप्रमाणे हेच आहे: तयार भागात जे पाहता येत नाही त्याची हमी प्रक्रियेतूनच घ्यावी लागते. फक्त ते नमुने भागाच्या ज्या पृष्ठभागाची साक्ष द्यायची आहे त्याच पृष्ठभागाचे हवेत.

आरेखक

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या आठवड्यात सांगितलेल्या गोष्टी तपासल्या आणि जे सापडले ते इथे नोंदवतो.

बिल्डच्या नोंदीप्रमाणे १.९ आणि २.६ लाखांत तुटलेले दोन्ही ब्रॅकेट वायूप्रवाहाच्या उताराकडच्या कोपऱ्यात होते. तिसरा प्लेटच्या मध्यावर होता, आणि टेस्ट पीसचे दांडे सगळे प्रवाहाच्या उगमाकडे लावलेले होते. म्हणजे नमुन्यांना कातडीच नव्हे तर जागाही चांगली मिळाली होती, आणि ती निवड मीच केली होती. दुसऱ्या ब्रॅकेटच्या उगमातही तसेच ठिगळ निघाले, जरा लहान. भट्टीचा आलेख मात्र नीट आहे.

तिसऱ्याचे भंगतल पाहण्याची सूचना फारच उपयोगी ठरली. त्यात न वितळलेले कण कुठेच नाहीत. तडा खालच्या बाजूच्या दोन थरांमधल्या एका साध्या खाचेतून निघाला आहे, आणि खाचेच्या तोंडाशी अर्धवट चिकटलेला एक पुडीचा कण अजून तिथेच आहे. याचा अर्थ मी असा लावतो की वायूप्रवाह सुधारून ठिगळे पूर्ण थांबवली तरी मला साधारण ३१ लाखच मिळतील, आणि ५० लाखांपर्यंत जायचे तर कातडी काढावीच लागेल. म्हणून फिलेटवर ०.८ मिलिमीटर धातू जादा ठेवून हिपनंतर तो मशीन करून काढण्याचे ठरवत आहे. निकेलचा भाग ७१८ मधला आहे, त्याबद्दल वेगळा प्रश्न टाकेन.

भंगतल

निष्कर्ष योग्य आहे. ०.८ मिलिमीटर ठेवताना एवढेच पाहा की भाग प्रिंटमध्ये थोडा वाकला असेल तर मशीनवर एका बाजूने १.२ आणि दुसऱ्या बाजूने ०.३ मिलिमीटर निघू शकतो. ज्या बाजूने ०.३ निघेल तिथे कडेखालच्या छिद्रांची रांग बरोबर नव्या पृष्ठभागावर येईल, आणि पृष्ठभागावर उघडलेले छिद्र आत बंद असलेल्या छिद्रापेक्षा जास्त घातक असते. हिप आधी केल्याने त्यातली बरीचशी मिटलेली असतील, तरी मशीनिंगनंतर एक फिलेट आडवे कापून, पॉलिश करून, कडेपासून पहिले छिद्र किती अंतरावर आहे ते मायक्रोस्कोपखाली मोजून घ्या. नव्या टेस्ट पीसपैकी निम्मे प्रवाहाच्या उताराकडच्या कोपऱ्यात लावा आणि त्यांची कातडी तशीच ठेवून वाकवण्याच्या चाचणीत घाला. ब्रॅकेटचा खरा शेजारी तो कोपरा आहे.